छोटं कॉलेज, मोठी कारकीर्द

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक छोट्या कॉलेजात राहून नाव कमावू शकतो का?

उत्तर : जॉन गॅग्लार्डी यांनी कमावलं. चार वर्षं मोंटानातलं कॅरोल कॉलेज, मग १९५३ ते २०१२ मिनेसोटातलं सेंट जॉन्स. एकूण विजय ४८९. कॉलेज फुटबॉलमधला उच्चांक. त्यांच्या सरावात टॅकलिंगला, म्हणजे समोरच्याला धरून पाडायला, बंदी, शिट्टी नाही, वेळ दीड तासाच्या आत. लाड नव्हेत, हिशेब! सरावात जायबंदी झालेला खेळाडू शनिवारी सामन्यात काय कामाचा? खरी कसरत भरतीची. सेंट जॉन्ससारखी छोटी कॉलेजं ज्या गटात खेळतात, त्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. त्यामुळे चांगला पोरगा हवा तर कॉलेजच्या अभ्यासक्रमाची बाजू त्याला आणि आईवडिलांना प्रशिक्षकानेच पटवून द्यावी लागते.