रोटेशन नंतर बघू, आधी प्रश्न वाच

अगं, तुझा मेल दोनदा वाचला. मुलांचं मोटिव्हेशन मोजणाऱ्या तुझ्या स्केलमध्ये, म्हणजे प्रश्नावलीत, थिअरीप्रमाणे एकच फॅक्टर (एकसारखी उत्तरं मिळणाऱ्या वाक्यांचा गट) यायला हवा होता, आले दोन, मग आता फॅक्टर नीट वाचता यावेत म्हणून फिरवायला, म्हणजे रोटेशनला, व्हॅरिमॅक्स लावू की ऑब्लिमिन, की सरळ बायेसियन स्टॅटिस्टिक्स शिकून घेऊ, आणि पीएचडीला स्टॅटिस्टिक्स बरं की एज्युकेशनल सायकॉलॉजी. एवढं सगळं विचारलंस पण प्रश्नावलीतलं एक वाक्य मेलमध्ये नाही. शेवटी अटॅचमेंट उघडून मीच वाचली.

दुसऱ्या फॅक्टरवर गेलेली सहा वाक्यं जरा बघ. 'मला अभ्यासात रस वाटत नाही', 'अवघड गणित मी सोडवत बसत नाही'. सहाही 'नाही'वाली, आणि पुढे पर्याय 'अजिबात सहमत नाही'. म्हणजे पाचवीतल्या मुलाने नाहीला नाही म्हणायचं, ते मनात उलटं फिरवायचं आणि मग टिक करायची. वाचनात कच्ची असलेली मुलं इथेच घसरतात. मग हा फॅक्टर मोटिव्हेशनचा कशावरून? बहुतेक नुसता वाक्यरचनेचा आहे. नकारार्थी आयटमचं, म्हणजे वाक्यांचं, हे दुखणं आपल्या क्षेत्रात फार जुनं आहे आणि कुठल्याही रोटेशनने ते जात नाही. पाच-सहा मुलांना एकेकटं समोर बसव, वाक्य मोठ्याने वाचायला लाव, टिक करताना डोक्यात काय आलं ते विचार. आधी काय मोजलंयस ते बघ, मॉडेल नंतर.

अल्फा, म्हणजे वाक्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, 0.90 आला म्हणून खूश आहेस. अगं, आयटममधलं सरासरी कोरिलेशन (आपसातला संबंध) जेमतेम 0.3 असलं तरी सहा आयटमचा अल्फा 0.72 येतो आणि तसलेच वीस घेतले की 0.90, स्केल कणभरही न सुधारता. क्रॉनबाखचा अल्फावरचा 1951चा पेपर सगळे साइट करतात, त्यानेच पॉल मीलसोबत 1955 मध्ये कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटीवर, म्हणजे जे मोजायचं तेच मोजतोय का यावर, लिहिलेला मात्र फार थोडे वाचतात. तू तो वाच, याच आठवड्यात.

आणि ते '600 मुलांचा सँपल'. 20 वर्ग, प्रत्येकी 30. एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, त्यांचे मार्क एकमेकांसारखे येणारच. हे एका वर्गातलं सारखेपण, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन, 0.2 धरलं तर डिझाइन इफेक्ट (सँपल किती पटीने कमी धरायचा तो आकडा) 6.8, म्हणजे सरासरी काढताना तुझ्या 600 मुलांचं वजन साधारण 88 स्वतंत्र मुलांएवढं. मूल आणि वर्ग दोन्ही पातळ्या धरणारं मल्टीलेव्हल मॉडेल यासाठी शिकायचं, थिसिस भारी दिसावा म्हणून नाही.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये वाचनाचा वेग मोजत होते आणि त्याला आकलन म्हणत होते. भरभर वाचणाऱ्या मुलाला गोष्टीत काय झालं ते सांगता येत नव्हतं, तरी स्कोअर वरचा. मी भांडले, कोणी ऐकलं नाही, मी नाव काढून घेतलं. पेपर छापून आला, पुढच्या कामांना मला कोणी बोलावलं नाही, आणि आज तीच वेळ आली तरी मी तेच करेन कारण चुकीचं मोजून बरोबर मॉडेल बसवण्याला मी रिसर्च म्हणूच शकत नाही. मनाला लागून राहिलंय ते माझ्या हाताखालच्या पोरांचं, त्याच स्केलवर ती थिसिस करून बसली. म्हणून तुझ्यावर चिडतेय, समजून घे.

पीएचडीचं म्हणशील तर डिपार्टमेंटच्या नावावर जाऊ नकोस. सायकोमेट्रिक्स (मनातल्या गोष्टी मोजायचं शास्त्र) कम्पल्सरी आहे का, त्यातली आयटम रिस्पॉन्स थिअरी कोण शिकवतं आणि तिथले विद्यार्थी स्वतः डेटा गोळा करतात की तयार फाइल डाउनलोड करतात, एवढं विचार. आर सॉफ्टवेअर, लिनियर अल्जेब्रा, बायेसियन, सगळं शीक, मी अडवत नाही, तू हुशार आहेस, ते तुला येईल. आधी काय मोजलंयस ते बघ, बास.

पुढच्या मेलमध्ये आउटपुट नको. मुलं काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दात पाठव, मग ती सहा वाक्यं आपण मिळून सरळ करू आणि थोड्या मुलांवर नवा पायलट घेऊ, कारण वाक्य बदललं की जुने आकडे चालत नाहीत. गाइडकडे महिनाभर मुदत माग. नाही म्हणाले तर मला कळव, मी बोलते त्यांच्याशी.