फायरफॉक्स ब्राउझरचं रूप बदलायचंय, म्हणून त्याचं प्रोफाइल फोल्डर (तुमच्या सेटिंग्ज आणि डेटा जिथे साठतो ते) शोधताय?

अहो, सी ड्राइव्ह उपसत बसू नका. विंडोजमध्ये ते ‘ॲपडेटा’ नावाच्या फोल्डरच्या पोटात असतं आणि ॲपडेटा मुळातच लपवलेलं. ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट:सपोर्ट’ इंग्रजीत टाइप करा, ‘प्रोफाइल फोल्डर’च्या ओळीतलं ‘ओपन फोल्डर’ दाबा. झालं. हाच रस्ता धरा, कारण आत बऱ्याचदा दोन फोल्डर दिसतात: एकाच्या शेवटी ‘डिफॉल्ट’, दुसऱ्याच्या ‘डिफॉल्ट-रिलीज’. अंदाजाने उघडलंत तर हमखास रिकामं हाती लागतं.

उघडलेल्या फोल्डरमध्ये ‘क्रोम’ नावाचं फोल्डर करा, सगळी अक्षरं स्मॉल. (गूगलच्या क्रोमशी याचा काही संबंध नाही.) त्यात ‘यूजरक्रोम डॉट सीएसएस’ फाइल, यातलं फक्त क्रोमचं ‘सी’ कॅपिटल. ब्राउझरचं रूप बदलणारा सीएसएस कोड याच फाइलमध्ये लिहायचा. नोटपॅड गुपचूप मागे ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतो आणि विंडोज ते दाखवतही नाही, म्हणून एक्सप्लोररमध्ये फाइल एक्स्टेन्शन दिसतील असं आधी करून घ्या. नवे लोक इथेच अडकतात.

आवृत्ती 69 पासून, म्हणजे 2019 पासून, ही फाइल आपोआप वाचली जात नाही. ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये ‘लेगसीयूजरप्रोफाइल’ शोधा, सापडलेली सेटिंग ‘ट्रू’ करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.

आणि हो, या फोल्डरात तुमचे सेव्ह केलेले पासवर्डही असतात. ब्राउझर बंद करून आधी कॉपी काढा. मदत हवी म्हणून अख्खं फोल्डर झिप करून कुणाला पाठवू नका.