उलटीची गोळी दिल्यावरची पहिली 20 मिनिटं

लेकरू सारखं ओकत असलं की जीव कासावीस होतो, म्हणून आधी सांगते: गोळी उलटी थांबवते, पोटातला संसर्ग नाही. तिचं काम एवढंच, की दिलेलं पाणी पोटात टिकावं. खरं औषध ओआरएसच.

डॉक्टर बहुतेकदा ऑनडॅनसेट्रॉन देतात. पोट बिघडलं की आतड्यातून सेरोटोनिन सुटतं आणि मेंदूला ओकारीचा निरोप जातो. ही गोळी तो निरोप अडवते. डोस वजनावर ठरतो, तेव्हा मोठ्या भावंडाची उरलेली गोळी अंदाजाने मोडून देऊ नका. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

विरघळणारी गोळी कोरड्या हाताने काढा, जिभेवर ठेवा. मग 15 ते 20 मिनिटं काही देऊ नका. मी पहिल्यांदा घाईने पेलाभर पाणी पाजलं, सगळं बाहेर आलं. आता ओआरएस चमच्याने देते: दर एक-दोन मिनिटांनी 5 मिली, घड्याळ समोर ठेवून. कंटाळवाणं आहे, पण हेच कामाला येतं. गोळी लगेच उलटून पडली तर दुसरी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. गोळीने जुलाब थोडे वाढू शकतात, घाबरू नका, ओआरएस वाढवा.

उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, पोट खूप दुखत असेल, मूल मलूल पडलं असेल किंवा आठ तास लघवी झाली नसेल, तर गोळीच्या भरवशावर थांबू नका. तडक दवाखाना गाठा.