सीटी नॉर्मल आलं, मग डोकं का दुखतंय?

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, नववीत. गेल्या रविवारी गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर क्रिकेटचा सीझन बॉल कानाच्या वर लागला, हेल्मेट नव्हतं. बेशुद्ध पडला नाही, रक्त नाही, छोटंसं टेंगूळ, तो पुढे खेळतच राहिला. संध्याकाळी मात्र "आपण जेवलो का?" हे तीनदा विचारलं म्हणून घाबरून सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आहे. पण आज सहावा दिवस, गणिताचं पुस्तक उघडलं की डोकं दुखतं, ट्यूबलाइट सहन होत नाही, चिडचिड करतो. त्याला अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलंय. सर म्हणतात रविवारच्या मॅचला आण. पाठवू का?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, मॅचला अजिबात पाठवू नका, सर कितीही म्हणाले तरी. तुम्ही जे लिहिलंय ते कन्कशनसारखंच वाटतंय, म्हणजे मेंदूला बसलेला हिसका. सीटीत रक्तस्राव दिसतो, कवटीचं हाड मोडलं असेल तर ते दिसतं, पण पेशींचं कामकाज बिघडलेलं त्यात दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला ही मोठी सुटका असली तरी पोरगं खोटं बोलतंय असं अजिबात नाही. बेशुद्ध पडायलाच पाहिजे असंही नाही, बहुतेक जण पडत नाहीत. आणि त्रास उशिरा सुरू होऊ शकतो. २०१९ मध्ये लॉर्ड्सला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला इंग्लंडच्या आर्चरचा बॉल मानेवर लागला, तपासणी करून तो त्याच दिवशी परत बॅटिंगला आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड झालं म्हणून कसोटीतून बाहेर बसला, त्याच्या जागी लाबुशेन आला. तिथे टीमचा डॉक्टर असतो, आपल्या ग्राउंडवर ते आईबापांनाच बघावं लागतं.

आता ती अंधारी खोली. पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाईल कमी हे बरोबर, पण सहा दिवस कोंडून ठेवलं तर पोरगं उलट जास्त खचतं. सकाळी कॉलनीत चालायला न्या, अभ्यास पंधरा-वीस मिनिटं मग थांबा, डोकं जास्तच दुखायला लागलं तर तेवढ्यावर सोडा, आणि शाळेत सांगून थोडे दिवस अर्धा दिवस बसू द्या. शाळा पूर्ण वेळ जमली, डॉक्टरांनी हो म्हटलं की मग खेळ, तोही टप्प्याटप्प्याने: आधी जॉगिंग, मग बॉल लागायची भीती नाही अशी प्रॅक्टिस, मग नेट, शेवटी मॅच. प्रत्येक टप्प्याला निदान एक दिवस, त्रास वाढला की एक पायरी खाली. एवढं सांगतोय कारण मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो फार महागात पडतो, लहान वयात तर जिवावरही बेतू शकतं. मुलांना बरं व्हायला चार आठवडेही लागतात, त्यापुढे त्रास राहिला तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

पण पुन्हापुन्हा उलट्या, वाढतच जाणारी डोकेदुखी, बोबडी वळणं, हातपाय लुळा पडणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं, उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ लावा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका.

प्रश्न : सासरे ७२ वर्षांचे, बाथरूममध्ये घसरले, डोकं आपटलं. ठीक आहेत, फक्त झोपतायत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. झोपू द्यावं का? दुखण्याची गोळी देऊ का?
– सिन्नर

उत्तर : झोपू द्यायचं की नाही हा नंतरचा प्रश्न, आधी आत्ताच सीटी असलेल्या दवाखान्यात न्या. या वयात आणि त्या गोळीवर असताना वरून ठीक दिसणाऱ्या माणसाच्याही डोक्यात रक्त साचत असू शकतं. जाताना गोळीचं पाकीट खिशात टाका आणि तिथे पोचल्याबरोबर डॉक्टरांना दाखवा. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन घरच्या घरी देऊ नका. आजचा रिपोर्ट चांगला आला तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा: चालताना एका बाजूला झुकायला लागले, गोंधळल्यासारखे वागायला लागले, डोकं दुखतंय म्हणाले, तर वयामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका, परत दाखवा.