काळ्या रानात अडीच लाखांची अभ्यासिका: स्लॅबचा नाद सोडा

प्रश्न असा आहे: तासगाव तालुक्यातलं गाव. तरुण मंडळानं अडीच लाख वर्गणी जमवलीय. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी आतून 20 × 12 फुटांची अभ्यासिका श्रमदानातून बांधायचीय. जागा काळ्या मातीची, आर्किटेक्ट परवडत नाही. स्लॅब टाकावा की पत्रा? आणि भिंती मातीच्या चालतील का?

स्लॅब टाकू नका. एवढ्या खोलीवर 5 इंची स्लॅब म्हणजे छज्ज्यासकट सव्वा ते दीड ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) काँक्रीट, तीसेक पोती सिमेंट, तीनशे किलोच्या आसपास सळई, वर सेंटरिंगचं भाडं. वजन साडेनऊ टन. तीच खोली पत्र्यानं झाकली तर पाइप आणि पत्रा मिळून चारशे किलोच्या आत काम होतं. स्लॅबला जाणारा पैसा पायात घाला, कारण तुमचा खरा प्रश्न छपराचा नाहीच, मातीचा आहे. तो तुम्ही विचारलेला नाही म्हणून लिहायला बसलोय.

आमच्याकडच्या एका गावात याच मापाची समाजखोली उभी आहे. वर स्लॅब, आणि पुढेमागे मजला चढवू म्हणून चारही कोपऱ्यांवर सळया उघड्या सोडलेल्या. मजला चढला नाही. सळया गंजून फुगल्या, त्यांच्या बुडाशी काँक्रीट फुटलं आणि तिथून पाणी कॉलमात उतरतं. हे किरकोळ. मोठं दुखणं खाली आहे. स्लॅबला पैसे उरावेत म्हणून पाया अडीच फुटांवर थांबवला, तिथं अजून काळीच माती होती. पायातून निघालेली तीच माती जोत्यात भरली आणि वर शहाबादी फरशी बसवली. पहिल्याच उन्हाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या, वर रुंद आणि खाली बारीक. पावसाळ्यात दार चौकटीत अडकायला लागलं आणि फरशी मधोमध फुगली. गावानं निकाल दिला: गवंड्यानं सिमेंट खाल्लं. तो गवंडी अजून ते ऐकून घेतो.

सिमेंट कमी पडलं की काय होतं ते बघा. सांध्यातला माल खिळ्यानं ओरखडला की भुगा पडतो, गिलावा पोकळ वाजतो, आणि असं सगळीकडे होतं. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग सिमेंटची नसते. बाहेरच्या कडेची माती उन्हानं वाळून आकसते, खोलीखालची ओलीच राहते, म्हणून कोपरे खाली बसतात आणि भिंत वरून उघडते. पावसाळ्यात कडेची माती परत फुगते. शंका असेल तर भेगेवर पीओपीचा हातभर पट्टा ओढा, त्यावर तारीख घाला आणि वर्षभर बघा. पट्टा तडकला आणि भेग ऋतूप्रमाणे कमीजास्त झाली तर गवंड्याला मोकळं सोडा.

तुमच्या जागेची परीक्षा गावच्या हायस्कुलातच होईल. तीन फुटांखालची माती वाळवून कुटा आणि बारीक चाळणीनं चाळा (अचूक चाळणी 425 मायक्रॉनची). शंभर मिलीची दोन मोजपात्रं घ्या, प्रत्येकात 10 ग्रॅम माती. एकात पाणी, एकात रॉकेल. ढवळून बुडबुडे काढा आणि चोवीस तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलातल्यापेक्षा दीडपट किंवा जास्त जागा घेत असेल तर माती त्रास देणारी आहे, पाया तिच्यावर टेकवायचा नाही.

मग जागेच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत खड्डे घ्या. चार-साडेचार फुटांत मुरूम लागला तर नशीब. अडीच फूट रुंद चर मुरमात अर्धा फूट शिरेपर्यंत न्या, तळाला 4 इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), वर 1:6 मालात (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) दगडी बांधकाम. प्रत्येक थरात दर दोन-अडीच फुटांवर एक दगड भिंतीच्या आरपार गेलेला हवा. नाहीतर दोन बाजूंचे दगड वेगळे उभे राहतात आणि मधली खांडकी ढासळते. 1993 ला किल्लारीत जाड दगडी भिंती अशाच सुटून पडल्या.

मुरूम सात-आठ फुटांवरही लागत नसेल तर चर खोल नेत बसू नका. अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्या. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत काळ्या मातीसाठीच विकसित केली. साडेतीन मीटर खोल गोल भोक, बुडाला भोकाच्या अडीचपट रुंदीचा फुगा, तो हाताच्या ऑगरनंही पाडता येतो. तुमच्या खोलीला आठ ते दहा पुरतात, चार कोपऱ्यांत चार आणि बाकी मधे. त्यांच्या डोक्यावरून प्लिंथ बीम (जोत्याची काँक्रीटची तुळई) फिरवायचा आणि बीमखाली 3 इंच मोकळी जागा सोडायची. ती पोकळी गवंडी हमखास मातीनं भरतो, त्याला ते काम अर्धवट वाटतं. भरली की माती फुगून बीमच उचलते.

पत्र्याचं छप्पर हलकं म्हणून पाया हलका चालेल, असं समजू नका. हलकं घर काळी माती जास्त सहज उचलते. पायात सूट नाही.

जोतं दीड फूट. आत मुरूमच, काळी माती पाटीभरही नको. दाबल्यावर आकारमान घटतं, म्हणून साडेचार ब्रास मागवा. 6-6 इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. जोत्यावर 9 × 6 इंचांचा बँड, म्हणजे सगळ्या भिंतींवरून फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा: 10 मिमीच्या चार सळया, दर 6 इंचांवर रिंग. 7 फुटांवर, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर, लिंटेल बँड आणि छपराखाली तिसरा, हे दोन्ही 4 इंच जाड, दोन-दोन सळयांचे. कोपऱ्यात सळई काटकोनात वाकवून पुढच्या भिंतीत दोन फूट गेली पाहिजे, नुसती एकमेकींवर ठेवलेली नको. कोपऱ्यांत जोत्यापासून वरच्या बँडपर्यंत 12 मिमीची एक-एक उभी सळई. सगळं मिळून पावणेदोनशे किलोच्या आत बसतं. तिन्ही बँड अखंड फिरले की खोली पेटीसारखी एकत्र हलते. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे, बँडमध्ये काटकसर करू नका.

भिंती मातीच्या? काळ्या मातीच्या तर नाहीच, वाळली की तडकते. सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांना वाळूचं प्रमाण भरपूर असलेली माती आणि 5 ते 8 टक्के सिमेंट लागतं, वर विटा दाबायचं मशीन आणायचं. एका खोलीसाठी हा व्याप परवडत नाही. पाच-सहा खोल्या असत्या तर वेगळं बोललो असतो.

भाजक्या विटांत रॅट ट्रॅप बाँड करा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेली पद्धत. वीट आडवी न घालता कडेवर उभी करायची. भिंत 9 इंचीच राहते, मधे 3 इंचांची पोकळी सुटते. तुमच्या भिंतींना भरीव बांधकामात साडेचार हजार विटा लागतील, या पद्धतीत हजारभर वाचतात, मालही कमी लागतो आणि दुपारचं ऊन आत उशिरा पोचतं. वीट मात्र 9 × 4 × 3 इंचांचीच हवी. सहा इंची मोठी वीट आणली तर हिशेब जमत नाही, म्हणून भट्टीवर टेप घेऊन जा. पहिला थर, बँडच्या खालचा थर, खिडकी-दाराच्या कडा आणि कोपरे भरीव ठेवायचे. माल टाकताना पोकळीवर 3 इंची फळी धरायची, नाहीतर सगळा माल आत पडतो, आणि मग गवंडी म्हणतो की यात काय बचत झाली. वायरिंगचे पाइप आधीच पोकळीतून सोडा. नंतर भिंत फोडायला लागलात तर वीट सुटते.

छपराला एकाच बाजूला उतार द्या: पुढची भिंत 10 फूट, मागची 8. पुढच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर टाकलेले दोन मुख्य पाइप 122 × 61 मिमीचे, 3.6 मिमी जाडीचे. 20 फुटी पाइप 17 फुटांना कापला की छज्ज्यासकट पुरतो. त्यांच्यावर 60 × 40 × 2 मिमीच्या पाच पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते आडवे पाइप), चार-चार फुटांवर. पत्रा 0.5 मिमीचा, लांबी मोजून कापूनच मागवा, मधे जोड नको. कडेचा छज्जा फूटभर ठेवला तर आठ पत्रे लागतात, दोन-तीन इंच कमी केला तर सातात भागतं. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो तेव्हा सगळे पत्र्याला शिव्या देतात. पत्रा एकटा क्वचितच जातो, पर्लिनसकट जातो, कारण पर्लिन भिंतीवर नुसती ठेवून सिमेंट थापलेलं असतं. पाइप बसणार त्या प्रत्येक जागी 12 मिमीची सळई वरच्या बँडमधून खाली किमान दोन फूट भिंतीत गेलेली हवी, तेवढी पोकळी काँक्रीटनं भरायची आणि पाइप त्या सळईला वेल्ड करायचा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर दबेल इतकाच. जास्त आवळला की वॉशर फाटतो आणि पहिल्या पावसात ठिपकायला लागतं. उकाड्यासाठी पत्र्याखाली फूटभर अंतरावर बांबूचे तट्टे आणि दोन्ही उंच कोपऱ्यांत जाळीची भोकं.

दारं-खिडक्या नव्या घेऊ नका. गावोगावी जुने वाडे उतरवतायत, सागवानी चौकटी तिथं मिळतात. चौकटीचं माप आधी घ्या आणि भिंत त्या मापानं सोडा.

श्रमदान कशाला वापरायचं हेही सांगतो. 2016 च्या वॉटर कपात (पाणी फाउंडेशनची गावांची जलसंधारण स्पर्धा) कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं पहिला नंबर काढला, ते खोदकाम आणि बांधबंदिस्ती होती. पोरांच्या हातून तेच उत्तम होतं: चर, मुरूम दाबणं, विटा भिजवणं, जुना माल साफ करणं, पाणी मारणं. नवख्या हातानं दिवसाला अर्धा ब्रास खोदाई धरा, तुमची खोदाई साडेसात-आठ ब्रास. भिंतीचे कोपरे, बँड आणि वेल्डिंग पैसे देऊन जाणत्याकडूनच घ्या. पाणी मारायची पाळी मात्र नावानिशी लावा. दुकानात मिळणारं बहुतेक पोतं पीपीसीचं (राख मिसळलेल्या सिमेंटचं) असतं, त्याला दहा दिवस ओल लागते. तिसऱ्या दिवशी सगळे क्रिकेटला गेलेले असतात.

खोलीभोवती चार फूट रुंद, बाहेर उतार दिलेला कोबा करा आणि पत्र्याचं पाणी त्यापलीकडे चरात सोडा. नळ, माठाचा कट्टा, हात धुवायची जागा भिंतीलगत नको. उद्घाटनाचं वडाचं रोपही लांब लावा, मुळं भिंतीखालची ओल ओढतात आणि कोपरा खचतो.

आता राहिलेलं. वर दिलेली मापं तासगावच्या बाजूच्या भागासाठी आणि याच आकाराच्या खोलीसाठी आहेत. पाटण-कोयनेकडे बांधणार असाल तर बँडची सळई वाढते. पलूस, वाळवा, मिरजेच्या नदीकाठी असाल तर 2005, 2019 आणि 2021 च्या पुराची खूण बघून जोतं ठरवा, दीड फुटाला तिथं अर्थ नाही. अडीच लाखांत हे बसेल का, हे मुरूम किती खोल आहे आणि विटांची गाडी कुठून येते यावर आहे. पाइल घ्यावे लागले तर रंग आणि फरशी पुढच्या वर्षावर ढकला, कोब्यावर सतरंजी टाकूनही अभ्यास होतो. कुदळ मारण्याआधी जागेचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव हातात घ्या, आणि खड्ड्यांचे फोटो घेऊन एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला तासभराची फी देऊन आराखड्यावर सही घ्या. आर्किटेक्ट नको, हे ठीक. इंजिनिअर मात्र हवा.

मंडळात कुणीतरी म्हणेलच, “स्लॅब नाही म्हणजे काम कच्चं.” त्यांना त्या समाजखोलीत वैशाखात घेऊन जा आणि खिडकीवरच्या भेगेत बोट घालून बघायला सांगा. आणि तिथं कुणी गवंड्याचं नाव घेतलंच, तर आधी दोन मोजपात्रं आणि रॉकेल मागवा.