अटक ‘करता येते’ म्हणजे करायलाच हवी का?

प्रश्न : माझ्या भाच्यावर सहकाऱ्याचा 12,000 रुपयांचा मोबाइल चोरल्याचा गुन्हा दाखल झाला आहे. मोबाइल त्याने परत दिला, पंचनामाही झाला. तरी तपासी अंमलदार म्हणतात, “कायद्यात अटक आहे, आमचा नाइलाज आहे.” खरंच त्यांच्या हाती काही नसतं का?

उत्तर : असतं, आणि ते कायद्यानेच दिलेलं आहे. साध्या चोरीला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 35 अटकेची मुभा देतं, सक्ती करत नाही. आरोपी पुन्हा गुन्हा करेल, तपास अडेल, पुरावा नष्ट होईल, साक्षीदारावर दबाव येईल किंवा तो न्यायालयात हजर राहणार नाही, यांपैकी एक तरी कारण पटावं लागतं आणि ते लेखी नोंदवावं लागतं. अटक न करण्याचं कारणही लिहायचं असतं.

घोळ होतो तो इथेच. ‘तपासकामी अटक आवश्यक’ एवढीच ओळ कागदावर उतरते. हे कारण नव्हे, कलमातल्या शब्दांची नक्कल आहे. मोबाइल जप्त झाला असेल तर ‘मुद्देमाल हस्तगत करण्यासाठी’ हे कारणही उरत नाही. अर्नेश कुमार खटल्यात (2014) सर्वोच्च न्यायालयाने कारणांची तपासयादी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायला सांगितलं आहे. रिमांडच्या वेळी वकिलांनी ती आवर्जून मागावी.

अटक गरजेची नसेल तर हजर राहण्याची नोटीस मिळते. ती व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, असं न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. भाच्याने दिलेल्या तारखेला जावं आणि हजेरीची पोच घ्यावी. तारीख चुकवली तर अटकेला आयतं कारण मिळतं.

प्रश्न : माझी 20,000 ची सायकल चोरीला गेली. ठाण्यात “सायकलच आहे, साधा अर्ज देऊन जा” म्हणाले. हाही त्यांचा अधिकार का?

उत्तर : नाही. दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालाने (2013) ठरलेलं आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण ती प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का, एवढंच पाहायला. गुन्हा किरकोळ वाटतो म्हणून तुम्हाला परत पाठवायला नाही.

तक्रारीत किंमत नीट लिहा, बिल जोडा. 5,000 रुपयांच्या आतली चोरी नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत अदखलपात्र आहे. किंमत कमी लागली तर फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरू होत नाही.

तरीही नकार मिळाला तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा (आयुक्तालयात उपायुक्तांना) आणि पावती जपून ठेवा. तिथूनही काही झालं नाही तर त्याच संहितेच्या कलम 173(4) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती लगेच मागून घ्या.