स्वयंगोल ‘केला’ की ‘झाला’?

आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांच्या बातम्यांत, चेंडू खेळाडूला लागून त्याच्याच संघाच्या जाळ्यात गेला की कधी ‘स्वयंगोल’, कधी ‘आत्मघाती गोल’, तर कधी सरळ ‘सेल्फ गोल’ असे छापून येते. यांपैकी मराठीत कोणता शब्द धरावा आणि त्यापुढे क्रियापद ‘केला’ घ्यावे की ‘झाला’, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि क्रीडापानांवर त्याचा विचार फारसा होताना दिसत नाही.

शब्द ‘स्वयंगोल’ हाच धरावा आणि तो जोडून लिहावा. त्यावर एक आक्षेप घेतला जातो, तो असा की ‘स्वयं’ या अव्ययाचा अर्थ ‘स्वतः’ किंवा ‘आपण होऊन’ असा आहे, म्हणून स्वयंसेवक, स्वयंचलित, स्वयंभू. ‘आपला’ हा अर्थ ‘स्व’ने दाखवला जातो, म्हणून स्वदेश, स्वभाषा आणि त्याच न्यायाने ‘स्वगोल’. आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्याने काही साधत नाही. मराठीत ‘गोल’ म्हणजे फलकावर चढणारा गोल. खांब आणि जाळे यांना आपण गोलपोस्ट व गोलजाळे म्हणतो. तेव्हा ‘स्वगोल’ म्हणजे ‘आपला गोल’ एवढेच झाले, आणि आपला गोल तर मेस्सीनेही केलेला असतो. दोन्ही शब्द सारखेच अपुरे असतील, तर रुळलेला शब्द मोडण्याचे कारण नाही. (शिवाय बारीक टंकात ‘स्वगोल’ आणि ‘खगोल’ यांतला फरक ओळखणे ज्येष्ठ वाचकांना जड जाईल.) मैदानावरची मुले ‘सेमसाइड’ म्हणतात. अर्थाने तो शब्द सर्वांत नेमका आहे, पण लेखनात तो अजून स्थिरावलेला नाही.

‘आत्मघाती गोल’ मात्र टाळावा. हिंदी वृत्तपत्रांत तो सर्रास दिसतो आणि तेथूनच तो आपल्याकडे आला असावा. मराठी वाचकाच्या मनात ‘आत्मघाती’पुढे ‘हल्ला’ किंवा ‘स्फोट’ हेच शब्द येतात, आणि त्या शब्दात हेतू गृहीत धरलेला असतो. २२ जून १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे विश्वचषकाच्या सामन्यात अमेरिकेच्या जॉन हार्क्सने डावीकडून दिलेला चेंडू अडवण्यासाठी कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याने घसरत पाय घातला आणि चेंडू त्याच्याच गोलरक्षकाला चकवून जाळ्यात गेला. कोलंबियाने तो सामना १-२ असा गमावला. मायदेशी परतल्यावर २ जुलै रोजी मेडेयीन शहरात एस्कोबारची गोळ्या घालून हत्या झाली. अशा माणसाच्या नावापुढे ‘आत्मघाती’ हे विशेषण लावणे केवळ अशुद्ध नव्हे, तर असत्यही आहे: त्याने ना तो गोल हेतुपुरस्सर केला, ना तो स्वतःच्या हातून मेला.

आता क्रियापदाकडे येऊ. मुद्दाम केलेली आणि अनवधानाने घडलेली गोष्ट वेगळी दाखवण्याची सोय मराठीत क्रियापदातच आहे. ‘मी कप फोडला’ आणि ‘माझ्याकडून कप फुटला’ ही दोन वाक्ये ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्यापुढे ‘चुकून’ असे जोडावे लागत नाही. स्वयंगोल हा जवळजवळ नेहमीच दुसऱ्या प्रकारचा असतो. म्हणून ‘अमुक खेळाडूकडून स्वयंगोल झाला’ हीच त्याची स्वाभाविक रचना आहे, आणि ‘अमुक खेळाडूने स्वयंगोल केला’ या वाक्यात त्याच्यावर नकळत हेतूचा आरोप होतो. २०१५ च्या महिला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जपानविरुद्ध भरपाई वेळेत इंग्लंडच्या लॉरा बॅसेटने धावत येऊन एक धोकादायक पास तोडण्याचा प्रयत्न केला, चेंडू तिच्या पायाला लागून आडव्या खांबावर आदळला आणि गोलरेषेच्या आत पडला. इंग्लंड १-२ असे हरले. तिने ‘केला’ तो बचाव. गोल तिच्याकडून झाला. येथे ‘तिच्या हातून’ ही एरवीची सुरेख रचना मात्र वापरता येत नाही, कारण फुटबॉलमध्ये हाताचा उल्लेख आला की वाचक वेगळ्याच नियमभंगाची शंका घेतो. ‘हातून’ची मुभा फार तर गोलरक्षकाला द्यावी.

दोन्ही रचनांची एकत्र गरज पडते असाही एक प्रसंग आहे. १५ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या ग्रीझमनची फ्री किक अडवण्यासाठी क्रोएशियाचा मारियो मांजुकिच उंच उडाला, आणि चेंडू त्याच्या डोक्याला निसटता लागून त्याच्याच जाळ्यात गेला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला हा पहिलाच स्वयंगोल. दुसऱ्या सत्रात फ्रान्सचा गोलरक्षक लोरिस चेंडूशी रेंगाळला असता याच मांजुकिचने तो हिसकावून गोल केला. सामना फ्रान्सने ४-२ असा जिंकला. ‘मांजुकिचने दोन्ही बाजूंना गोल केले’ असे लिहिणे सुटसुटीत आहे, पण ‘मांजुकिचकडून एक गोल झाला आणि त्याने एक केला’ हे वाक्य सामना पाहिलेल्या माणसाचे वाटते. त्या स्पर्धेत एकूण १२ स्वयंगोल झाले, तर त्याआधीचा उच्चांक १९९८ च्या फ्रान्समधील स्पर्धेतील ६ चा होता. म्हणजे या क्रियापदाची गरज वाढतच चालली होती. (२०२२ मध्ये कतारला मात्र केवळ २ झाले.)

मग ‘स्वयंगोल केला’ कधी म्हणावे? खरोखरच केला असेल तेव्हा. १९९८ च्या टायगर चषकात, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेत, थायलंड आणि इंडोनेशिया हे दोन्ही संघ आधीच उपांत्य फेरीत पोहोचलेले होते, आणि जिंकणाऱ्याला यजमान व्हिएतनामशी खेळावे लागणार होते. जिंकण्याची इच्छा कोणालाच नव्हती. २-२ अशी बरोबरी असताना शेवटच्या क्षणांत इंडोनेशियाच्या मुर्शिद एफेंदीने आपल्याच जाळ्यात चेंडू मारला, आणि तोही थायलंडचे खेळाडू त्याला रोखायला धावत असताना! त्याच्यावर आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये आजन्म बंदी आली. एफेंदीने स्वयंगोल ‘केला’; येथे ‘झाला’ लिहिणे ही त्याची पाठराखण ठरेल. जानेवारी १९९४ मध्ये कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत बार्बाडोसनेही ग्रेनेडाविरुद्ध असाच स्वयंगोल केला. त्यांना दोन गोलांच्या फरकाने जिंकणे आवश्यक होते, आघाडी २-१ एवढीच उरली होती, आणि स्पर्धेच्या विचित्र नियमानुसार जादा वेळेतील निर्णायक गोल दोन गोलांइतका धरला जाणार होता. म्हणून त्यांनी स्वतःच बरोबरी साधून सामना जादा वेळेत नेला आणि तेथे जिंकला. एका गोलाने हरूनही ग्रेनेडाचे काम भागणार होते, म्हणून आपली फसगत लक्षात आलेला त्यांचा संघ अखेरची काही मिनिटे कोणत्याही एका जाळ्यात गोल करायला धडपडत होता आणि बार्बाडोस दोन्ही जाळी राखत होते. राजकीय लेखनात ‘अमुक नेत्याने स्वयंगोल केला’ असे म्हणतात, तेही याच न्यायाने योग्य आहे, कारण तेथे लेखकाला दोषच द्यायचा असतो.

प्रत्येक विचित्र गोलाला स्वयंगोल म्हणू नये, हेही सांगायला हवे. गोलजाळ्याच्या दिशेने निघालेला फटका बचावपटूला घासून आत गेला, तर तो गोल सामान्यतः फटका मारणाऱ्याच्याच नावावर लागतो. कोणाच्या नावावर लावायचा हे स्पर्धेचे आयोजक ठरवतात आणि निर्णय नंतर बदलूही शकतो. २०१० मध्ये नेदरलँड्सविरुद्ध डेन्मार्कच्या सायमन पॉल्सनने डोक्याने मारलेला चेंडू सहकारी डॅनियल अ‍ॅगरच्या पाठीवर आदळून आत गेला. आधी तो पॉल्सनच्या खात्यात होता, नंतर अ‍ॅगरच्या खात्यात गेला. आणि फ्री किक घेणाऱ्याने चेंडू कोणालाही न लागता थेट आपल्याच जाळ्यात मारला, तर गोल मुळी धरलाच जात नाही, प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळते.

राहिला विभक्तीचा प्रश्न. ‘स्वयंगोल’ पुल्लिंगी आहे, अनेकवचनात बदलत नाही, आणि सामान्यरूप ‘स्वयंगोला-’ असे होते. ‘स्वयंगोलमुळे’ नव्हे, ‘स्वयंगोलामुळे’. षष्ठी नेहमी ज्याच्याकडून गोल झाला त्याची असावी, ज्याच्या पदरात पडला त्याची नव्हे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना स्पेनने १-० असा जिंकला, आणि तो एकमेव गोल कोलंबियाच्या बचावपटूकडून ८२ व्या मिनिटाला झालेला होता. त्याचे शीर्षक ‘स्पेनच्या स्वयंगोलाने विश्वचषक’ असे दिले तर अर्थ उलटा होतो. ‘कोलंबियाच्या स्वयंगोलामुळे स्पेन विश्वविजेता’ असे द्यावे.